खड्ड्याला डोळे असतात का?

आमच्या गाडीची हकीकत या सदराच्या जुन्या वाचकांना ठाऊक आहेच. ती आम्ही दुसऱ्या मालकाकडून घेतली, म्हणजे आम्ही तिसरे. तिचा रंग कागदोपत्री चंदेरी आणि प्रत्यक्षात राखाडी आहे, आणि हॉर्न सोडून तिचे बाकी सगळे वाजते, हा आमच्या शेजारच्या नानांचा जुनापुराणा विनोदही मी याच पानावर एकदा छापून मोकळा झालो आहे. तेव्हा तिच्याविषयी पुन्हा काही लिहायचे नाही, असे मी ठरवले होते. दिवाळी अंकात तर नाहीच नाही. दिवाळी अंकासाठी 'चकली बिघडण्याची सात कारणे' हा विषय मी योजून ठेवला होता आणि संपादकांना कळवलाही होता. पण तो काही केल्या कागदावर उतरेना. लिहायला बसलो की चकलीच्या सोऱ्याऐवजी डोळ्यांपुढे भलतेच काही येई. शेवटी म्हटले, पोटात जे अडकले आहे ते आधी बाहेर पडू द्यावे. चकली पुढच्या वर्षी.

झाले ते असे.

दर वर्षी गणपतीला आम्ही गुहागरकडे सासुरवाडीला जातो. यंदाही गेलो. गौरी-गणपतीचे विसर्जन झाले आणि दुसऱ्या दिवशी जेवून दोन वाजता निघायचे ठरले. कोकणातून दोन वाजता निघायचे ठरले म्हणजे माणूस किती वाजता निघतो, हे ज्यांची सासुरवाडी कोकणात आहे त्यांना सांगायला नको. आधी नारळ आले. नारळ डिकीत रचून झाल्यावर सासूबाईंना आगळाच्या बरणीची आठवण झाली. बरणी आली तेव्हा तिची जागा भोपळ्याने बळकावलेली होती. मग भोपळा निघाला, बरणी बसली, आणि भोपळा मागच्या सीटवर चिमीच्या पायांशी गेला. आम्ही हललो तेव्हा साडेपाच वाजून गेले होते.

चिपळूण गाठेपर्यंत दिवेलागण झाली. पोफळी मागे टाकून कुंभार्ली घाट चढू लागलो तेव्हा पावसाची भुरभुर होती आणि वर धुके दाटले होते. घाटात मी गाडी अगदी शहाण्यासारखी चालवली. हे मुद्दाम सांगतो, कारण पुढचे जे काही झाले ते घाटात झाले नाही, घाट संपल्यावर झाले. वाट अवघड असते तोवर माणूस जपून असतो. घाटमाथ्यावर आलो, धुके विरले, पाऊस थांबला, रस्ता जरा सरळ लागला आणि 'चला, सुटलो एकदाचे' असे म्हणून मी गाडी सोडली. उशीर भरून काढायचा होता ना! पुण्याला पोचायला बारा वाजणार, सकाळी कचेरी, चिमीची शाळा. काटा साठावर गेला असेल. साठ म्हणजे काही फार नव्हे, असे तेव्हा वाटले.

कोयनानगर नुकतेच मागे पडले होते. हेडलाइटच्या उजेडात रस्त्याच्या डाव्या कडेला दोन ठिणग्या दिसल्या. त्या पुढे सरकल्या आणि रस्त्यात येऊन थांबल्या. त्यांच्यामागे एक काळपट, लांबट अंग होते आणि जवळजवळ त्या अंगाएवढीच लांब शेपटी. मी ब्रेकवर पाय दाबला. तेवढ्यात डाव्या चाकाशी एक मऊ आवाज झाला. तो आवाज कसा होता ते मला लिहिता येणार नाही, आणि येत असते तरी लिहिले नसते.

मी थांबलो नाही.

हे तीन शब्द लिहायला मला महिना लागला. कारणे द्यायची तर पुष्कळ आहेत. रात्र होती, रस्ता ओला होता, बायको आणि मुलगी बरोबर होती, मागून ट्रक येत होता. ट्रक होता हे खरे. पण आरशात त्याचे दिवे टिकलीएवढे दिसत होते, हेही खरे. गाडी क्षणभर मंदावली, मग माझा पाय आपण होऊन ब्रेकवरून उचलला गेला आणि ती पुन्हा चालू लागली.

"काय झालं हो?" हिने विचारले.

"काही नाही. खड्डा होता."

आपल्याकडच्या रस्त्यांवर हे उत्तर कोणालाही पटावे असेच आहे. ही काही बोलली नाही. चिमी मागे भोपळ्यावर पाय टेकून झोपली होती. निदान मला तरी तसे वाटले.

साताऱ्याच्या पुढे एका पेट्रोल पंपावर थांबलो. ही चहा सांगायला गेली तेव्हा मी पुढे वाकून पाहिले. बंपरला काही झाले नव्हते. नंबराच्या पाटीच्या कोपऱ्यात चार-पाच काळे केस मात्र अडकले होते. मी ते रुमालाने पुसले आणि रुमाल तिथल्याच कचऱ्याच्या डब्यात टाकला. चार दिवसांनी धुणे आवरताना ही म्हणाली, "तुमचा निळा रुमाल कुठे दिसत नाही?" मी म्हणालो, "गुहागरला राहिला असेल." एका खोट्याला एकट्याने करमत नाही. ते लवकरच दुसरे सोबतीला बोलावते.

वाचकहो, मी काही फार हळव्या मनाचा माणूस नाही. घरात झुरळ निघाले तर चप्पल मीच उचलतो. मासळी खातो, आणि आवडीने खातो. मग एका रानातल्या जनावरासाठी मला झोप का लागू नये? पण लागेना, हे खरे. दिवे मालवले की छतावर त्या दोन ठिणग्या दिसत. शेवटी मन हलके करावे म्हणून मी ही गोष्ट चार लोकांना सांगायला सुरुवात केली. अर्थात माझी म्हणून नव्हे. "माझ्या एका मित्राच्या बाबतीत असं झालं," अशी.

कचेरीतले एक सहकारी म्हणाले, "अहो, या देशात रस्त्यांवर रोज माणसं मरतात, आणि तुमचा मित्र एका जनावराचं काय घेऊन बसलाय?" दुसऱ्याने विचारले, "गाडीला काही झालं का? विमा होता ना?" शेजारचे नाना चष्मा कपाळावर सरकवून म्हणाले, "त्याचं मरण तिथंच, त्याच घटकेला लिहिलेलं. तुमचा मित्र नुसता निमित्तमात्र!" हे ऐकायला बरे वाटले. पण घरी येऊन विचार केला, की मरण जर त्याच घटकेला लिहिलेले होते, तर माझे पळणेही त्याच घटकेला लिहिलेले असणार. आणि मग लिहिणाऱ्याने मला इतके वाईट का म्हणून लिहावे? नानांच्या तत्त्वज्ञानाने काम भागेना.

आमच्या आत्याबाईंनी मात्र थेट मुद्द्याला हात घातला. "कसलं जनावर होतं?"

"मांजरासारखं काहीतरी. काळं, लांब शेपटीचं."

"अगं बाई! मांजर मारलं म्हणजे सोन्याचं मांजर करून काशीला दान द्यावं लागतं. सांग तुझ्या मित्राला."

सध्याच्या सोन्याच्या भावात मांजर सोडाच, मांजराची मिशीही कोणाला परवडणार नाही. तरी त्या रात्री सगळे झोपल्यावर मी मोबाइलवर शोधत बसलो. काळपट अंग, चेहऱ्यावर मुखवट्यासारखा पट्टा, लांब शेपटी, सह्याद्रीचे रान. चित्र समोर आले आणि मी ओळखले. ते उदमांजर होते. काही ठिकाणी त्याला कांडेचोर म्हणतात. पुढे असेही वाचले की नावात मांजर असले तरी हा प्राणी मांजराच्या कुळातला नव्हे. प्राणिशास्त्राने त्याचे कूळ वेगळे धरले आहे. म्हणजे सोन्याचे मांजर वाचले! क्षणभर मला खरोखरच हायसे वाटले. आणि मग, अंधारात मोबाइल हातात धरून एका मेलेल्या जिवाचे कूळ शोधणाऱ्या आणि ते वेगळे निघाले म्हणून सुस्कारा टाकणाऱ्या त्या माणसाची मला जी लाज वाटली, ती आजवर कशाची वाटली नव्हती.

माझे एक स्नेही वनखात्यात होते. आता निवृत्त आहेत. दुसऱ्या दिवशी त्यांना फोन केला आणि मित्राची गोष्ट सांगितली. त्यांनी सगळे ऐकून घेतले आणि विचारले, "तुझा मित्र थांबला का?"

"नाही."

"बरं," ते म्हणाले.

आत्याबाईंच्या सोन्याच्या मांजरापेक्षा ते 'बरं' मला जड गेले. पण ते रागावले नाहीत. उलट मला ज्याची काहीच माहिती नव्हती त्या जनावराची त्यांनी ओळख करून दिली. म्हणजे आधी मारले आणि मग ओळख झाली. उदमांजर रात्रीचे हिंडते आणि दिवसा झाडाच्या ढोलीत नाहीतर दाट फांद्यांत झोपते. उंदीर, किडेही खाते, पण त्याचा खरा जीव फळांवर. उंबर, जांभूळ, भेरली माडाची फळे ते आवडीने खाते आणि बिया विष्ठेवाटे लांब लांब टाकत जाते. "रानाचा माळीच म्हण ना," ते म्हणाले. "पगार नाही, रजा नाही. कोकणात रात्री माळ्यावर धावाधाव ऐकू येते ना? ते सगळे उंदीरच असतात असं नाही." इंडोनेशियात उदमांजराने खाऊन विष्ठेतून टाकलेल्या कॉफीच्या बिया वेचून, धुऊन, भाजून विकतात, आणि त्या कॉफीला भलतीच किंमत येते, हेही त्यांनीच सांगितले.

मी भीत भीत विचारले, "त्याला पिल्लं असतील का हो?"

"असतील, नसतील. मी कसं सांगू? नर होता की मादी, तेवढं बघायला तरी कुणीतरी थांबायला हवं होतं."

थोडा वेळ दोन्ही बाजूंना शांतता. मग मी म्हणालो, "पण ते माझ्याकडे... म्हणजे मित्राकडे, बघत उभं का राहिलं? पळालं का नाही?"

"ते बघत नव्हतं रे. रात्री हिंडणाऱ्या जनावरांच्या डोळ्यांत मागच्या बाजूला आरशासारखा एक थर असतो. अंधारातला थोडासा उजेड तो परत फिरवतो, म्हणून त्यांना चांदण्यातही दिसतं, आणि म्हणूनच आपल्या दिव्यात त्यांचे डोळे चमकतात. अशा डोळ्यांवर तुझे हेडलाइट पडले की काय होणार? तुला वाटलं ते तुझ्याकडे बघतंय. त्याला काही दिसतच नव्हतं."

'तुझे हेडलाइट' असे ते म्हणाले. मी दुरुस्त केले नाही.

त्या रात्री मी विजेच्या बिलाच्या पाठीवर हिशेब मांडला. ताशी साठ किलोमीटर म्हणजे सेकंदाला जवळजवळ १७ मीटर. डोळ्यांना दिसून पाय ब्रेकवर पडेपर्यंत एक सेकंद तरी जातो. म्हणजे ब्रेक लागण्याच्या आधीच गाडी १७ मीटर पुढे. वेग चाळीस असता तर तेच अंतर ११ मीटर झाले असते. ब्रेक लागल्यानंतर गाडी जे अंतर खाते ते वेगाच्या वर्गाने वाढते. साठला ते चाळीसच्या सव्वादोन पट होते. पुढे मी आकडेमोड केली नाही. पुण्याला बाराच्या ऐवजी पाऊण वाजता पोचलो असतो, एवढेच उत्तर निघणार होते.

स्नेह्यांनी आणखीही एक गोष्ट सांगितली होती. नागपूरहून शिवनीकडे जाणारा राष्ट्रीय महामार्ग ४४ पेंचच्या वाघांच्या रानातून जातो. तो चौपदरी करताना त्याच्याखालून जनावरांसाठी वाटा ठेवल्या. लहान पूल आणि भुयारी मार्ग मिळून अशा नऊ जागा आहेत आणि त्यांतली सर्वांत लांब ७५० मीटरची आहे. देहरादूनच्या भारतीय वन्यजीव संस्थेने तिथे कॅमेरे लावले, तेव्हा वाघांसकट अठरा जातींचे प्राणी त्या वाटांनी ये-जा करताना टिपले गेले. नागपूर-मुंबई समृद्धी महामार्ग २०२२ ते २०२५ या काळात टप्प्याटप्प्याने खुला झाला. ७०१ किलोमीटरच्या त्या रस्त्यावरही रानाच्या पट्ट्यात जनावरांसाठी वरून आणि खालून वाटा केल्या आहेत. तिकडे कर्नाटकात बंदीपूरच्या जंगलातून जाणारे महामार्ग २००९ साली रात्री नऊ ते सकाळी सहा वाहनांना बंद करण्यात आले. हे सगळे ऐकून मला बरे वाटले. आणि लगेच वाटले, की आपल्याला बरे वाटण्याचे कारण हे तर नव्हे, की आता दोष रस्त्यावर टाकता येईल? कोयनेचे रान १९८५ पासून अभयारण्य आहे. २०१० साली चांदोलीसकट त्याचा सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला. त्याच्या शेजारून मी चाललो होतो. रस्त्याखाली भुयार नव्हते हे कबूल. पण माझ्या पायाखाली ब्रेक होता.

असे दिवस चालले होते. आणि मग एका रात्री चिमीला गोष्ट हवी झाली.

चिमी चौथीत आहे. तिला झोपताना गोष्ट लागते आणि ती तिची आई सांगते. मी बाहेरच्या खोलीत वर्तमानपत्र पुढे धरून बसलो होतो. आतून श्रावणबाळाची गोष्ट ऐकू येत होती. रात्रीची वेळ, शरयूचे पाणी, घागर भरण्याचा बुडबुड आवाज, हत्ती पाणी पितो आहे असे समजून दशरथाने अंधारात सोडलेला बाण. गोष्ट लहानपणापासून शंभरदा ऐकलेली. पण त्या रात्री मी वर्तमानपत्राचे पान उलटायचे विसरलो.

"मग दशरथाला कळल्यावर तो पळून गेला?" चिमीने विचारले.

"नाही गं. धावत त्याच्याजवळ गेला. त्यानं सांगितलं तसं पाणी घेऊन त्याच्या आंधळ्या आईवडिलांकडे गेला, आणि 'माझ्या हातून असं झालं' म्हणून स्वतःच्या तोंडानं सांगितलं."

"त्यांनी त्याला मारलं?"

"शाप दिला."

"शाप देणार हे त्याला माहीत होतं?"

"राजा होता, शहाणा होता. एवढं कळलंच असेल त्याला."

चिमी थोडा वेळ गप्प होती. मग तिने हाक मारली, "बाबा!"

मी दाराशी गेलो. ती पांघरुणातून डोळे तेवढे बाहेर काढून माझ्याकडे बघत होती.

"बाबा, खड्ड्याला डोळे असतात का?"

दिवा लहान होता म्हणून बरे. मी हिच्याकडे पाहिले. ही चादरीची कड सारखी करत होती. ती कड मुळातच सारखी होती.

"तू झोपली होतीस ना?" मी विचारले. बापमाणसाच्या तोंडून निघू नये असा हा प्रश्न. पण तोच निघाला.

"भोपळा टोचत होता," चिमी म्हणाली.

मी तिच्या उशाशी बसलो आणि सांगितले. खड्डा नव्हता, उदमांजर होते, गाडीखाली सापडले, गाडी जोरात होती. सगळे सांगितले. रुमालाचेही सांगितले. हिने तेव्हा मान वर केली, पण बोलली काही नाही.

"त्याला खूप लागलं का?"

"ठाऊक नाही, चिमे. मी थांबलो नाही."

"का?"

"भ्यालो."

"ट्रकला?"

"नाही. बघायला."

तिने यावर मान हलवली. लहान मुलांना हे कळते. त्यांनाही न बघण्यासाठी पांघरूण तोंडावरून ओढून घ्यायची सवय असते. मग ती कुशीवर वळली. तिने मला माफ केले की काय ते मला अजून ठाऊक नाही, आणि विचारण्याची सोय नाही.

बाहेरच्या खोलीत आल्यावर मी हिला म्हणालो, "तुलाही ठाऊक होतं?"

"शेजारच्या सीटवर बसले होते ना मी? मला काय डोळे नाहीत?"

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही कधी सांगता त्याची वाट बघत होते," ही म्हणाली. "आणि खरं सांगू? तुम्ही 'खड्डा' म्हणालात ना, तेव्हा मलाही बरंच वाटलं. उतरावं लागलं नाही."

म्हणजे त्या गाडीत तिघे जण जागे होतो, आणि तिघांनी मिळून एक खड्डा खणला होता.

त्या रात्री मला झोप लागली. का लागली, याचा विचार मी नंतर केला. इतके दिवस मी एकच मोठे गाठोडे वाहत होतो आणि त्याला 'माझ्या हातून जीव गेला' असे नाव दिले होते. सोडून पाहिले तर त्यात तीन वेगळ्या वस्तू निघाल्या. एक जनावर रात्री रस्त्यावर आले आणि गाडीखाली सापडले, हा अपघात. त्याचे वाईट वाटावे, वाटत राहावे, पण त्यासाठी स्वतःला फाशी देऊ नये. दुसरी वस्तू वेगाची. रानाच्या कडेने, ओल्या रस्त्यावर, रात्री साठ. ती निम्मी माझी. निम्मी आगळाच्या बरणीच्या माथी मारता येईल, पण बरणी गाडी चालवत नव्हती. आणि तिसरी वस्तू न थांबण्याची आणि त्या खड्ड्याची. ती पूर्ण माझी होती. गंमत अशी, की लोकांनी माझी समजूत घातली ती पहिल्या वस्तूबद्दल, आणि मला टोचत होती ती तिसरी. मग समजूत कशी पटणार? दुखते पोट आणि शेकतो गुडघा!

दशरथाच्या हातून जे झाले ते माझ्यापेक्षा किती मोठे. पण अंधारात आवाज ऐकून त्याने बाण सोडला आणि अंधारात नीट दिसत नसताना मी गाडी सोडली, इथपर्यंत आम्ही दोघे बरोबर होतो. फरक पडला तो त्यानंतर. दशरथ उतरला.

आता तुम्ही म्हणाल, उतरून तुम्ही काय केले असते? हाच प्रश्न मी त्या स्नेह्यांना विचारला. या खेपेला मित्राला मध्ये न घालता. ते म्हणाले, "जनावर समोर आलं तर गाडी एकदम वळवायची नाही. दरीत जाशील, नाहीतर समोरच्यावर आदळशील. स्टिअरिंग सरळ धरून ब्रेक मारायचा. झालंच काही, तर पुढे सुरक्षित जागा बघून गाडी कडेला घ्यायची, चारी दिवे लुकलुकते ठेवायचे आणि मागची-पुढची वाहनं बघून मगच उतरायचं. जनावर जिवंत असेल तर त्याला हात लावायचा नाही. जखमी जनावर भ्यालेलं असतं, चावतं. लांब उभं राहायचं, किलोमीटरचा दगड कोणता ते बघायचं आणि वनखात्याला कळवायचं. १९२६ हा त्यांचा क्रमांक आहे, त्याला पैसे पडत नाहीत. मेलं असेल तरी कळवायचं. म्हणजे ती जागा कुठली ते कळतं. एकाच जागी चार वेळा झालं तर तिथं पाटी लावता येते, गतिरोधक घालता येतो."

"आणि वाचवता आलं नाही तर?"

"तर नाही. पण निदान त्याला एकट्याला टाकून गेलो नाही, एवढं तरी राहतं." निवृत्त माणूस, पण आवाज थोडा जड झाला. त्यांनी नोकरीत असे किती पाहिले असेल!

पितृपंधरवडा संपता संपता आम्हांला पुन्हा गुहागरला जावे लागले. सासूबाईंच्या मोतीबिंदूची शस्त्रक्रिया पुण्याला करायची होती, त्यांना आणायचे होते. या वेळी पहाटे निघालो. कोयनानगर यायच्या आधी चिमी म्हणाली, "बाबा, तिथे थांबायचं."

थांबलो. सकाळचे कोवळे ऊन होते, रस्ता कोरडा होता, दोन्ही बाजूंना गवत छातीएवढे वाढले होते. रस्त्यावर अर्थातच काहीही नव्हते.

"इथेच का?"

"साधारण इथेच," मी म्हणालो. 'साधारण' म्हणताना जीभ अडखळली. किलोमीटरचा दगड मी त्या रात्री पाहिला नव्हता.

चिमीने डब्यातले केळे काढले आणि ते गवताच्या कडेला ठेवायला निघाली. हिने तिला थांबवले. "रानातल्यांना आपण खायला घालायचं नसतं. त्या वासानं ती रस्त्यावर येतात." चिमीने केळ्याकडे पाहिले, रस्त्याकडे पाहिले, आणि शेवटी ते स्वतःच सोलून खाल्ले. साल गाडीत ठेवलेल्या पिशवीत टाकली. मग आम्ही तिघे पाचएक मिनिटे नुसते उभे राहिलो. कोणी हात जोडले नाहीत, कोणी काही म्हटले नाही. एक दुधाची गाडी गेली, तिच्या ड्रायव्हरने डोके बाहेर काढून "काय, बंद पडली का?" असे विचारले. मी नाही म्हणून हात हलवला.

परतताना मात्र पुन्हा उशीर झालाच. (सासूबाईंचे सामान, दुसरे काय?) घाटमाथ्यावर पुन्हा अंधार पडला. आता मी चाळीसच्या वर जात नव्हतो. मागे आजीच्या मांडीवर डोके टेकलेली चिमी एकाएकी ताडकन उठून ओरडली, "बाबा, डोळे!"

मी ब्रेक दाबला. गाडी शांतपणे थांबली. पुढे, रस्त्याच्या कडेला, खरोखरच एक ठिणगी चमकत होती. आम्ही वाट पाहिली. ठिणगी हलेना. मी दिवे मंद केले, थोडा पुढे सरकलो. किलोमीटरच्या दगडाला लावलेला तो चकचकीत चकतीचा तुकडा होता.

मागून सासूबाई म्हणाल्या, "जावईबापू, दगडाला वाट देताय होय?"

"द्यावी लागते," मी म्हणालो. पण दगडावरचा आकडा मी वाचून घेतला.

आम्ही त्या दिवशी पुण्याला दीड तास उशिरा पोचलो. वाटेत एका कुत्र्यासाठी, दोन बेडकांसाठी आणि एका वाऱ्याने उडणाऱ्या प्लॅस्टिकच्या पिशवीसाठी थांबलो. हे प्रायश्चित्त आहे असे मी म्हणत नाही. कुंभार्लीच्या माथ्यावरचे ते उदमांजर यामुळे परत येणार नाही, आणि त्याने जी झाडे लावायची ती न लावलेलीच राहणार. हा नुसता उशीर आहे. पण आता तो मला चालतो.

दिवाळीच्या सुट्टीत तुम्हीही गाड्या काढून कोणी कोकणात, कोणी देशावर, कोणी ताडोब्याकडे निघाल. जरूर जा. फराळाचे डबे घ्या, भोपळा मात्र मुलांच्या पायांशी ठेवू नका. दिव्यांचा सण आहे. पण आपल्याला वाट दाखवणारा दिवा दुसऱ्या कोणाचे डोळे दिपवत असतो, एवढे रानाच्या कडेने जाताना लक्षात असू द्या. आणि चाकाखाली कधी काही आल्यासारखे वाटलेच, तर बाजूला घेऊन, उतरून, मागे जाऊन पाहा. बहुतेक वेळा तो खड्डाच असतो.

पण पाहा.